मंदिर पडलं, पण प्रभू अजून यायचा आहे

वाचकाचं पत्र

ताई, ख्रिस्तात सलाम. आम्ही वानवडीला राहतो. मागच्या वर्षी माझे सासरे प्रभूमध्ये झोपी गेले आणि तेव्हापासून घरात शेवटल्या दिवसांवरून रोज वाद होतात. धाकटे दीर एका फेलोशिपमध्ये जातात. युद्धं, भूकंप, कोरोना, आधार कार्ड, सगळं लिहिल्याप्रमाणे होत चाललंय, मंडळी, म्हणजे सगळे विश्वासणारे, कधीही वर उचलली जाईल, आता घरदार कशाला, असं तिथे सांगतात. सासऱ्यांच्या नावावरचा फ्लॅट विकावा आणि आपला व आईंचा हिस्सा प्रभूच्या कामाला द्यावा, असा त्यांचा आग्रह आहे. माझे मिस्टर अगदी दुसऱ्या टोकाला. ते मोबाइलवर व्हिडिओ बघतात आणि म्हणतात, मत्तयाचा चोविसावा अध्याय काय आणि प्रकटीकरण काय, यरुशलेमेचं मंदिर पडलं तेव्हा, इ.स. ७० मध्येच, सगळं पूर्ण झालं, प्रभू तेव्हाच येऊन गेला, आता कुणी यायचं नाही. प्रभुभोजन घेणंही त्यांनी बंद केलंय, कारण तिथे ‘तो येईपर्यंत’ असे शब्द येतात. सासूबाई मला एकटीला गाठून विचारतात, “तुझ्या सासऱ्यांना मातीत ठेवताना पाळकांनी वाचलं ते खरं ना गं?” माझी मुलगी दहावीत आहे. परवा ती शाळेतून आली तेव्हा घरात कुणी नव्हतं, तर सगळे वर गेले आणि आपण मागे राहिलो, असं वाटून रडत शेजारी गेली. ताई, ही भाकितं होऊन गेलीत की व्हायची आहेत? मी कुणाचं ऐकू?

उत्तर

प्रिय भगिनी, ख्रिस्तात सलाम.

तुमच्या पत्रातला सगळ्यांत निकडीचा प्रश्न सासूबाईंचा आहे, म्हणून आधी त्यांचं. आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि सांगा, “आई, पाळकांनी वाचलं ते खरं आहे.” दफनाच्या वेळी आपल्याकडे बहुधा थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा चौथा अध्याय वाचतात. पौलाने ते पत्र इ.स. ५० च्या सुमारास लिहिलं. नव्या करारातल्या सगळ्यांत जुन्या लिखाणांपैकी ते एक, आणि ते लिहावं लागलं ते नेमक्या याच प्रश्नामुळे. थेस्सलनीकाच्या मंडळीतली काही माणसं वारली होती. मागे राहिलेल्यांना वाटलं, प्रभू यायच्या आधीच हे गेले, यांचं आता हुकलं. पौलाने त्यांना कळवलं की हुकलेलं काही नाही, ख्रिस्तात मेलेले पहिल्याने उठतील. हे लिहिताना त्याने कुठलं वर्ष सांगितलं नाही, कुठल्या राजाचं नाव घेतलं नाही. येशू मेला आणि उठला, एवढ्या एका गोष्टीवर त्याने सगळा भार टाकला. तुमच्या सासऱ्यांविषयीची आशा त्याच गोष्टीवर उभी आहे. दोन भावांच्या वादात कुणीही जिंकलं तरी ती हलत नाही.

आता भाकितांचं. माझं स्पष्ट मत असं की त्यांतला मोठा भाग होऊन गेला आहे आणि जो भाग तुमच्या सासूबाईंना हवा आहे तो अजून व्हायचा आहे. हे मी कुणाची समजूत काढायला म्हणत नाही. शास्त्र आणि इतिहास शेजारी ठेवून वाचलं की मला तरी दुसरं काही दिसत नाही.

मत्तय २४, मार्क १३ आणि लूक २१ हे तिन्ही अध्याय दगडांपासून सुरू होतात. शिष्य मंदिराची बांधणी दाखवतात आणि येशू म्हणतो, इथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही. हे मंदिर हेरोदाने इ.स.पू. २० च्या सुमारास नव्याने बांधायला घेतलं होतं आणि येशूच्या काळातही काम चालूच होतं. शिष्य विचारतात, हे कधी होईल? पुढचं सगळं भाषण या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे. शेवटल्या दिवसांवरची बरीच प्रवचनं ही सुरुवात वगळतात आणि एकदम ‘लढायांच्या आवया’ या शब्दांवर येतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. प्रश्नच काढून टाकला की उत्तर कशालाही चिकटवता येतं.

आणि उत्तरातला तपशील बघा. यहूदीयात असतील त्यांनी डोंगरात पळून जावं. धाब्यावर असेल त्याने सामान काढायला खाली उतरू नये. शेतात असेल त्याने अंगरखा आणायला मागे फिरू नये. पळणं हिवाळ्यात किंवा शब्बाथ दिवशी होऊ नये म्हणून प्रार्थना करावी. अखिल जगाचा शेवट होणार असेल तर डोंगरात पळून काय साधणार? तिथे हिवाळा असला काय आणि उन्हाळा असला काय? या सूचना एका विशिष्ट शहरातल्या, विशिष्ट लढाईत सापडणाऱ्या माणसांसाठी आहेत. लूक तर सरळच सांगतो की यरुशलेमेला सैन्यांचा वेढा पडलेला दिसला की तिचा नाश जवळ आला असं समजा.

इ.स. ६६ मध्ये यहूद्यांनी रोमविरुद्ध बंड केलं. सीरियाचा रोमी सुभेदार सेस्टियस गॅलस फौज घेऊन यरुशलेमेवर आला आणि अनपेक्षितपणे माघारी वळला. मग सम्राट नीरोने व्हेस्पेशियन या सेनापतीला पाठवलं. ६८ मध्ये नीरो मेला, रोममध्ये गादीवरून यादवी माजली, ६९ मध्ये व्हेस्पेशियन सम्राट झाला आणि लढाई त्याच्या मुलाच्या, टायटसच्या हाती आली. टायटसने वेढा घातला तो वल्हांडण सणाच्या सुमारास, शहर यात्रेकरूंनी भरलेलं असताना. आत अन्न संपलं. वेगवेगळे यहूदी गट आतल्या आत एकमेकांचे गळे कापत होते. ऑगस्टमध्ये मंदिर जळालं, सप्टेंबरमध्ये उरलेलं शहर पडलं. हे सगळं जोसीफस नावाच्या यहूदी इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. तो आधी रोमविरुद्ध लढला, पकडला गेला आणि वेढ्याच्या वेळी रोमी छावणीत होता. मेलेल्यांचा त्याने दिलेला अकरा लाखांचा आकडा इतिहासकार फुगवलेला मानतात, पण त्याने सांगितलेली उपासमार आणि कत्तल यांवर कुणी शंका घेत नाही. रोममधल्या टायटसच्या कमानीवर आजही मंदिरातला सात फाट्यांचा दीपवृक्ष खांद्यावरून वाहून नेणारे सैनिक कोरलेले दिसतात. आणि चौथ्या शतकाच्या आरंभी युसीबियस या मंडळीच्या इतिहासकाराने नोंदवलं आहे की यरुशलेमेतले ख्रिस्ती लोक आधीच शहर सोडून यार्देनेपलीकडे पेल्ला गावी निघून गेले होते. म्हणजे ज्यांच्यासाठी ती सूचना होती त्यांनी ती ऐकली आणि ते वाचले.

‘हे सर्व पूर्ण होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही’ असं येशू साधारण इ.स. ३० मध्ये म्हणाला. मंदिर ७० मध्ये पडलं. ऐकणाऱ्यांपैकी अनेक जण तेव्हा हयात असणार. त्याच्या आदल्याच अध्यायात, मत्तय २३ मध्ये, परूश्यांना बोलताना तो हेच म्हणतो की हे सगळं या पिढीवर येईल. तिथे ती समोरची माणसं आहेत आणि पुढच्या अध्यायात दोन हजार वर्षांनंतरची, असं वाचायला मला आधार सापडत नाही.

मग सूर्य काळवंडला, तारे पडले, त्याचं काय? यशयाचा तेरावा अध्याय काढा. बाबेलच्या नाशाविषयी बोलताना संदेष्टा म्हणतो की तारे प्रकाश देणार नाहीत, सूर्य उगवताच अंधारेल. बाबेल इ.स.पू. ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेश याच्या हाती गेलं, सूर्य दुसऱ्या दिवशीही उगवला. राज्यं कोसळण्याचं वर्णन संदेष्टे या भाषेत करत आणि येशूचे शिष्य हे संदेष्टे ऐकतच वाढलेले होते.

इथवर तुमचे यजमान बरोबर आहेत आणि हे त्यांना मोकळेपणाने सांगा. त्यांनी अभ्यास केला आहे. घरात त्यांना कुणी तरी ‘हो, हे खरं आहे’ म्हणावं, याची त्यांना गरज असेल. वाद करून थकलेला माणूस अधिकाधिक टोकाला जातो.

पण ते जिथे पोचले आहेत तिथे मी त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. मंदिर पडलं हे एक, आणि मेलेले उठले हे दुसरं. दुसरं झालेलं नाही. सोलापूर रस्त्यावरच्या दफनभूमीत जाऊन उभं राहिलं तरी ते कळतं. पौलाच्या हयातीतच ‘पुनरुत्थान होऊन गेलं’ असं शिकवणारी दोन माणसं निघाली होती. हुमनाय आणि फिलेत. तीमथ्याला दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल त्यांची नावं घेऊन सांगतो की हे सत्यापासून ढळले आहेत आणि कित्येकांच्या विश्वासाचा नाश करत आहेत. नावं घेऊन इतक्या कडक शब्दांत तो फार थोड्या वेळा बोलतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो शेवटला शत्रू म्हणून मृत्यूचं नाव घेतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात वर पाहत राहिलेल्या शिष्यांना सांगितलं जातं की हाच येशू, तुम्ही त्याला जाताना पाहिलंत तसाच येईल. इ.स. ७० मध्ये कुणी त्याला तसं येताना पाहिलं?

जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक दुसऱ्या शतकाच्या मध्याला लिहीत होता. यरुशलेमेचा नाश त्याला पुरता माहीत होता, आणि तो भाकितांप्रमाणेच झाला असंही तो मानत होता. तरी तो ख्रिस्ताची दोन आगमनं सांगतो, एक नम्रतेचं होऊन गेलेलं आणि एक गौरवाचं व्हायचं. चौथ्या शतकात नायसियाच्या विश्वासांगीकारात ‘जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला तो गौरवाने पुन्हा येईल’ हे वाक्य आलं, आणि आपण ते आजही उभं राहून म्हणतो. ७० च्या घटनेच्या इतक्या जवळ असलेली माणसं ती घटना मान्य करूनही वाट पाहत होती, ही गोष्ट मला व्हिडिओपेक्षा वजनदार वाटते.

प्रकटीकरणाचंही तसंच. आयरेनियस हा बिशप इ.स. १८० च्या सुमारास सांगतो की योहानाला हा दृष्टान्त रोमी सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस झाला. डोमिशियन ९६ मध्ये मारला गेला. हे खरं असेल तर पुस्तक मंदिर पडल्यानंतर वीसेक वर्षांनी लिहिलं गेलं, मग ते सगळं ७० मध्ये पूर्ण कसं होईल? काही अभ्यासक ते नीरोच्या काळातलं, म्हणजे आधीचं मानतात आणि त्यांच्याही बाजूने मुद्दे आहेत. पण ‘सगळं ७० मध्येच झालं’ या मताचा अख्खा डोलारा त्या आधीच्या तारखेवर टेकलेला आहे, हे यजमानांना विचारात घ्यायला सांगा.

एकाच भाकितात झालेलं आणि व्हायचं असलेलं असं दोन्ही कसं असेल, असं ते विचारतील. त्यांना लूकचा चौथा अध्याय दाखवा. नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाच्या एकसष्टाव्या अध्यायातून वाचतो. दीनांस सुवार्ता, बंदिवानांची सुटका, प्रभूच्या प्रसादाचं वर्ष. इथे तो थांबतो आणि पुस्तक गुंडाळून सेवकाकडे परत देतो. यशयात त्याच वाक्यात पुढे देवाच्या सूड घेण्याच्या दिवसाचा उल्लेख आहे. तो येशूने वाचला नाही. मग म्हणाला, हा शास्त्रलेख आज तुमच्या कानी पडत असता पूर्ण झाला आहे. एका वाक्याचा अर्धा भाग आज आणि अर्धा अजून नाही, हे त्याने स्वतः करून दाखवलं. दानीएलाच्या ‘ओसाडीच्या अमंगळ पदार्था’चं बघा. इ.स.पू. १६७ मध्ये अँटायोकस राजाने यरुशलेमेच्या मंदिरात झ्यूसची वेदी उभारली तेव्हा ते एकदा घडून गेलेलं होतं आणि येशूच्या काळात हे पोराबाळांनाही माहीत होतं. मंदिराच्या पुनःप्रतिष्ठेचा सण त्याचीच आठवण, आणि योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू त्या सणाला मंदिरात असतो. तरी मत्तयात तो तेच शब्द पुढे घडायच्या गोष्टीसाठी वापरतो. एकदा घडून गेलेलं भाकीत पुन्हा भरू शकतं, हे मी तिथून शिकले.

प्रभुभोजनाबद्दल यजमानांशी तुम्ही वाद घालू नका. ते काम पाळकांचं आहे. पाळकांना घरी बोलवा आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा आणि पंधरावा अध्याय त्यांनी दोघांनी एकत्र वाचावा, एवढंच मागा. माझा अंदाज चुकीचा असेलही, पण वडील गेल्यानंतर लगेच एखादा मुलगा ‘आता कुणी यायचं नाही’ असं म्हणू लागतो, तेव्हा त्यामागे अभ्यासाइतकंच दुःख असू शकतं. त्यांनी दफनाच्या दिवशी काय ऐकलं आणि तेव्हा मनात काय आलं, हे त्यांना कुणी विचारलंय का?

दिरांविषयी मला अधिक काळजी वाटते, कारण तिथे पैसा आहे आणि मुलीची झोप आहे.

प्रभू येणार आहे असं मानणं यात त्यांची काहीच चूक नाही. पुण्यातले कित्येक विश्वासू लोक ती वाट रोज पाहतात, मीही पाहते. चूक होते ती बातम्यांवरून वेळ ठरवण्यात. मंडळीला महासंकटाआधी गुपचूप उचलून घेतलं जाईल आणि प्रभू नंतर उघडपणे येईल, असे दोन टप्पे करून शिकवण्याची पद्धत १८३० च्या दशकापासून जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकामुळे पसरली. त्याआधीची अठराशे वर्षं मंडळी प्रभूची वाट पाहतच होती, पण या तक्त्याशिवाय. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. कित्येकांनी शेतातलं पीक तसंच सोडलं. तो दिवस गेला. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र झालं, पिढी म्हणजे ४० वर्षं, म्हणून १९८८, असा हिशेब पुढे झाला. तेही वर्ष गेलं. मग २१ मे २०११ साठी मोठमोठे फलक लागले. प्रत्येक वेळी सांगणाऱ्यांकडे युद्धं होती, भूकंप होते, साथी होत्या.

त्या तर नेहमीच असतात. १८९७ चं पुणं घ्या. शहरात प्लेग, देशात दुष्काळ, जून महिन्यात आसामचा प्रचंड भूकंप, त्याच वर्षी ग्रीस आणि तुर्कस्तानची लढाई. चोविसाव्या अध्यायाची यादी एका वर्षात पूर्ण होत होती. त्या काळात पंडिता रमाबाई दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलींना मध्य प्रांतातून आणून केडगावला आसरा देत होत्या. तिथे विहिरी खोदल्या, मुलींना लिहायला-वाचायला आणि हाताने कमवायला शिकवलं, पुढे छापखाना चालवला. १९०५ मध्ये तिथे मोठं संजीवन झालं, रात्ररात्र प्रार्थना झाल्या, आणि शाळाही चालूच राहिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करण्याचं काम त्या १९२२ मध्ये जाईपर्यंत करत होत्या. दिरांना एखाद्या रविवारी केडगावला घेऊन जा. दौंडच्या गाडीने जाता येतं.

प्रकटीकरणात श्वापदाचा म्हणून दिलेल्या ६६६ या आकड्याबद्दल त्यांना शांतपणे एवढंच सांगा की हा आकडा आधार कार्डाच्या किंवा कोरोनाच्या लशीच्या कितीतरी आधीचा आहे. ‘नीरो कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून अक्षरांच्या किमती मिळवल्या तर बेरीज ६६६ येते. नावाचं शेवटचं एक अक्षर गाळून लिहिलं तर ६१६, आणि प्रकटीकरणाच्या काही जुन्या हस्तलिखितांत खरोखरच ६१६ आहे. योहानाने आशियातल्या सात मंडळ्यांना लिहिलं होतं. ‘ज्याला बुद्धी आहे त्याने हिशेब करावा’ असं तो त्यांना म्हणतो, म्हणजे हिशेब त्यांना करता येण्याजोगा असणार. आधार कार्ड काढलं म्हणून कुणाचं तारण जात नाही. दिरांनी या भीतीपायी रेशन, पेन्शन किंवा औषधोपचार सोडले असतील तर ते आधी सुरू करायला लावा.

आता फ्लॅट. शेवट जवळ आल्यावर जमिनीचं काय करावं, याचं शास्त्रात एक अगदी थेट उदाहरण आहे आणि ते यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायात आहे. बाबेलच्या फौजेने यरुशलेमेला वेढा घातला होता. शहर पडणार हे यिर्मया स्वतःच सांगत होता आणि त्यासाठीच पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. अशा वेळी देवाने त्याला अनाथोथचं शेत विकत घ्यायला लावलं. सतरा शेकेल रुपं तोलून दिलं, साक्षीदार घेतले, खरेदीखत लिहून मोहोर केली, आणि ते पुष्कळ दिवस टिकावं म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितलं. शेवट खरोखर समोर दिसत असलेला संदेष्टा कागदपत्रं जपून ठेवतो! थेस्सलनीकातही काही जण प्रभूचा दिवस आलाच म्हणून कामधंदा सोडून बसले होते. दुसऱ्या पत्रात पौलाने त्यांना कळवलं की काम करा आणि स्वतःचं खा.

ज्याला द्यायचं आहे त्याने स्वतःचं द्यावं, आनंदाने द्यावं. आईचं मन भीतीने भरून तिच्या वाट्याचं देणं हे दान नव्हे. जमीन विकून आलेल्या पैशातला काही भाग लपवणाऱ्या हनन्याला पेत्रानेही आधी हेच म्हटलं होतं की ते तुझ्याजवळ होतं तेव्हा तुझंच नव्हतं का?

व्यवहाराची बाजूही ऐका. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्याप्रमाणे पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेलं दोन तृतीयांश मुलांना समान. नणंद असेल तर तिचा हिस्साही भावांइतकाच, लग्न झालेलं असलं तरी. सोसायटीत नॉमिनी कोण आहे यावरून मालकी ठरत नाही. दीर आपला हिस्सा मागू शकतात, पण आईंचा हिस्सा फक्त आईंचा आहे. त्यांनी हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र यांपैकी कशावरही आता सही करू नये. मूळ करारनामा, शेअर सर्टिफिकेट आणि मृत्यूचा दाखला एका ठिकाणी ठेवा आणि फेलोशिपशी संबंध नसलेल्या वकिलाला दाखवा. हे दिरांच्या पाठीमागे करू नका. त्यांना समोर बसवून सांगा की आई हयात आहेत तोवर त्या याच घरात राहतील आणि यावर चर्चा होणार नाही. हे यजमानांनी बोलायचं आहे, तुम्ही नव्हे. सून बोलली की विषय फ्लॅटवरून तुमच्यावर येईल.

राहिली तुमची मुलगी. तिच्याशी मात्र तुम्हीच बोला, काकांना नावं न ठेवता. तिला थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातलं चौथ्या अध्यायाचं सोळावं वचन वाचायला द्या. प्रभू येईल तेव्हा आज्ञाध्वनी असेल, आद्यदेवदूताची वाणी असेल, देवाचा कर्णा वाजेल. दुपारी ती शाळेत असताना गुपचूप घडून जाईल आणि तिला घर रिकामं सापडेल, असं तिथे काही लिहिलेलं नाही. अठरावं वचनही वाचू द्या. या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा, असं पौल म्हणतो. जे शब्द सांत्वनाला दिले ते पोरींना घाबरवायला वापरले तर चूक वापरणाऱ्याची आहे.

आणि ‘एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल’ हे वाक्य तिच्या डोक्यात बसलं असेल तर मत्तयातलं त्याच्या लगेच आधीचं वाक्य दाखवा. नोहाच्या दिवसांत जलप्रलय आला आणि सगळ्यांना घेऊन गेला. त्या गोष्टीत मागे राहिला तो नोहा, तारवात, सुखरूप. मागे राहणं म्हणजे टाकून दिलं जाणं, हा अर्थ तिथे मला दिसत नाही.

सध्या काही महिने तिला फेलोशिपच्या शिबिरांना पाठवू नका. आपल्या मंडळीच्या तरुण संघात जाऊ द्या. घरी परतायच्या वेळी कुणी नसणार असेल तर दारावर चिठ्ठी किंवा मोबाइलवर निरोप ठेवा, भीती ओसरेपर्यंत. प्रभू येणार तर बोर्डाचा अभ्यास कशाला, असं तिने विचारलं तर मत्तय चोविसाव्यातला शेवटचा दाखला सांगा. धनी आला तेव्हा ज्या दासाला त्याने शाबासकी दिली तो आकाशाकडे बघत बसला नव्हता, घरातल्यांना वेळेवर जेवायला वाढत होता. तिचं आत्ताचं काम भूमिती आणि विज्ञान आहे.

दहावीच्या मुलीला इतिहास आवडला तर मार्कचा तेरावा अध्याय तिच्याबरोबर पहिल्या वचनापासून वाचा, आणि टायटसच्या कमानीचं चित्र शोधून दाखवा. तिचे प्रश्न तुमच्या यजमानांपर्यंत जाऊ द्या. बाप-लेकीचं यावर बोलणं सुरू झालं तर व्हिडिओंना एक चांगला पर्याय मिळेल. जे तुम्हांला दोघांनाही सांगता येणार नाही ते तिने स्वतःच्या अक्षरात मला लिहून पाठवावं. मी तिला वेगळं उत्तर लिहीन.